पिल्लाची जात दहाव्या आठवड्यात विचारा

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, लोखंडी सळया आठवतात, फार तर मोसंबी. कोंबड्या कुणाला आठवत नाहीत. तरी बदनापूर, भोकरदन, घनसावंगीकडच्या खेड्यांतून दिवेलागणीला फिरलं की दर दोन-चार घरांआड एखादं खुराडं, एखादं डालगं दिसतंच. त्याचा हिशेब बाईच ठेवते आणि तो पैसा कुणाला विचारून खर्च करावा लागत नाही. मी बरीच वर्षं परसात पिल्लं वाढवते आहे. बचत गटातल्या बायका पिल्लांची पाटी काखेत घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ही कोणत्या जातीची हायेत?" त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. विकणाऱ्यानं सांगितलं ते नाव असतं, जात नव्हे

मोटारसायकलला मागे क्रेट बांधून गावोगाव फिरणारा पिल्लंवाला सगळ्याच पिल्लांना गिरिराज म्हणतो. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही. सुधारित, रंगीत, जरा जाडजूड कोंबडी दिसली की तिला गिरिराज म्हणायची आपल्याकडे सवयच पडली आहे. खरी गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं हेब्बाळला तयार केली, १९८९ च्या सुमारास. वनराज, ग्रामप्रिया आणि श्रीनिधी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. कॅरी निर्भीक आणि कॅरी श्यामा बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेच्या. कावेरी पुन्हा बंगळूरची, पण केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेची.

यातल्या बहुतेकांत अनेक रक्तं मिसळलेली आहेत. म्हणून एकाच खोक्यात पिवळं, काळं, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं असं सगळं निघतं. एका दिवसाचं गिरिराज आणि एका दिवसाचं वनराज शेजारी ठेवून कोणतं कोणतं हे रंगावरून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याच्याकडून पिल्लं घेणार नाही.

मग नावाला अर्थ नाही का? आहे, आणि तो पैशात मोजता येतो. ग्रामप्रिया ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत १६० ते १८० अंडी देते. वनराज वर्षाला साधारण ११०, पण अंगानं भरते. आपली गावरान वर्षाला पन्नास-साठ. अंडी विकायची असतील त्या बाईच्या घरी ग्रामप्रियाऐवजी वनराज आली, तर तिचा हिशेब कुठच्या कुठे जातो. म्हणून विकणाऱ्याला जात विचारू नये, उबवणी केंद्र कोणतं ते विचारावं. पिल्लं कोणत्या तारखेला निघाली, मॅरेक्सची लस तिथेच दिली का, पावती आहे का, हेही विचारावं. पावतीचं नाव काढल्यावर ज्याची मोटारसायकल लगेच सुरू होते, त्याला जाऊ द्यावं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर खात्रीची पिल्लं कुठे मिळतील ते कळतं. मात्र नंबर लावून थांबावं लागतं, आणि पिल्लांच्या बाबतीत थांबायला कुणी तयार नसतं.

२. पहिल्या दिवशी पाठ सोडा, तळपाय बघा

अंगावरची लव फसवते. तळपाय, जीभ, मान आणि डोकं यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

काळं पिल्लू हे सगळ्यात फसवं. कडकनाथ म्हणून विकलेली बरीच काळी पिल्लं ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पची किंवा तिच्या संकराची असतात. ऑस्ट्रॉलॉर्पचं पिल्लू वरून काळं, पण पोटाखाली आणि तोंडाभोवती पांढरट-पिवळं असतं. पाय काळपट दिसले तरी उलटे करून पाहिलं की तळवा फिका. ही पांढरी लव पुढे झडते आणि पक्षी काळाभोर, हिरव्या झाकेचा होतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात लोक म्हणतात, "बघा, झाला की कडकनाथ!" कडकनाथाचं पिल्लू निळसर काळं असतं, पाठीवर गडद, वेडेवाकडे पट्टे असतात. चोच उघडून पाहिली तर जीभ काळपट, तळवा काळपट, पोटावरची लव बाजूला सारली तर कातडीही काळपट. ऑस्ट्रॉलॉर्पचा तुरा मोठेपणी लालभडक होतो. कडकनाथाचा जांभळट-काळा राहतो, कोंबड्यात थोडी लाली उतरते.

यात एक मेख आहे. कडकनाथ कोंबडा गावरान कोंबड्यांत सोडला तरी बऱ्याच पिल्लांत तो काळेपणा उतरतो. म्हणजे काळा तळवा कडकनाथाचं रक्त असल्याचं सांगतो, ते शुद्ध आहे असं सांगत नाही. त्यासाठी आईबाप दोन्ही बघावे लागतात.

विटकरी-पिवळसर लव, पिवळे पाय, एकसारखी दिसणारी पिल्लं असतील तर ऱ्होड आयलंड रेड धरून चालायला हरकत नाही. काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल, तर पुढे पिसांवर आडवे करडे-पांढरे पट्टे येण्याची शक्यता मोठी. उबवणी केंद्रवाले लाल कोंबडा आणि अशी पट्टेरी कोंबडी यांचा मेळ घालतात, तेव्हा डोक्यावर ठिपका आलेलं पिल्लू नर असतं. ही युक्ती ऐकून आमच्याकडची एक काकू आपल्या उकिरड्यावरच्या मिसळीतही नर-मादी ओळखू लागली होती. तिथे तो नियम लागू पडत नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

तपकिरी पिल्लू, पाठीवरून शेपटीपर्यंत गडद पट्टा आणि डोळ्यातून मागे गेलेली काजळाची रेघ, हे सगळ्यात जुनं रूप. रानकोंबडीची पिल्लं अशीच असतात. कोरड्या गवतात ती बसली की डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. गावरान कोंबडीच्या पिल्लांत हा रंग वारंवार येतो, म्हणून मी त्याला गावरानपणाची खूण समजते. पुरावा मात्र समजत नाही, कारण वनराजच्या खोक्यातही तो येतो.

एक खूण मात्र पहिल्या दिवसापासून दिसते आणि कधी खोटं बोलत नाही, ती म्हणजे उघड्या मानेची. अंड्यातून बाहेर येतानाच मानेवर लव नसते. ती पुढेही येत नाही.

३. गुलाबी पिल्लू

आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं पाटीत वळवळत असतात आणि लेकरं हट्ट धरून बसतात. ती बहुतेक अंड्यावरच्या पांढऱ्या कोंबडीचे नर असतात. उबवणी केंद्रात माद्या निवडून घेतल्यावर उरलेले, म्हणून कवडीमोल. रंग लवेबरोबर झडतो आणि खाली पांढरा, सडपातळ, खादाड कोंबडा निघतो, जगला तर. घ्यायचीच असतील तर खेळणं म्हणून घेऊ नका, आणि आपल्या पिल्लांत तर मुळीच सोडू नका.

४. ऊब आधी, ओळख नंतर

पिल्लं मरतात ती बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातली बरीचशी गारठ्यानं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. दिवसा ऊन असतं म्हणून बाया निर्धास्त राहतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाजवळ साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. पुस्तकात याला कृत्रिम दाई म्हणतात. घरी पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल, वर बल्ब, एवढ्यावर भागतं. पिल्लामागे एक ते दोन वॅट धरावेत. गोलच का, तर चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी ठेवून बसली तर उकडतं आहे. सगळ्या गोलात विखरून काही खात, काही झोपलेली दिसली की ठीक. एकाच बाजूला चिकटली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतो आहे, तिकडे पोतं लावा.

भाताचं तूस आपल्याकडे सहज मिळत नाही. वखारीतला लाकडाचा भुसा चालतो, पण फार बारीक नको, पिल्लं तो खातात. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरावा आणि मक्याची भरड कागदावर टाकावी, म्हणजे टोचायचं काय ते कळतं. पाण्याच्या ताटलीत खडे ठेवावेत. बोटभर पाण्यातही पिल्लू बुडतं, हे सांगितल्यावर कुणाला खरं वाटत नाही.

रात्री लाईट जाते हे गृहीत धरूनच तयारी असावी. निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, पण खोली बंद असेल तर धूर गारठ्याच्या आधी जीव घेतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवाव्यात आणि वरून पोतं टाकावं.

खुडूक कोंबडी असेल तर यातलं काही करावं लागत नाही. पोटाखालच्या पिल्लांची जात ती विचारत नाही. रात्री अंधारात तिच्याखाली दुसरी एक दिवसाची पिल्लं सारली तर बहुतेक वेळा सकाळी ती आपलीच समजते. दिवसाढवळ्या करायला गेलात तर टोचून मारते.

५. कुरूप दिवसांत तराजू काढा

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लाची लव झडते, पिसं अर्धीमुर्धी येतात आणि कोणतंच पिल्लू बघवत नाही. रंग रोज बदलतो. जात ठरवायची घाई लोक याच दिवसांत करतात. मी जात दहाव्या आठवड्यातच ठरवते, आणि या दिवसांत डोळ्यांपेक्षा तराजूवर विश्वास ठेवते.

चांगल्या खाद्यावर वनराज सहा आठवड्यांत साधारण ६५० ते ७५० ग्रॅम भरते. गावरान पिल्लू त्या वयात निम्म्यावरही नसतं. ब्रॉयलर तर तोवर दोन किलो ओलांडून विकला गेलेला असतो. ब्रॉयलरचं रक्त असलेलं संकरित पिल्लू ओळखायला वजनही लागत नाही. छाती रुंद, पाय जाड, आणि खाद्याच्या भांड्याशी बसूनच खातं. गावरान पिल्लू त्याच वयात भिंतीवर चढलेलं असतं. वाढ सगळ्यांचीच खुंटली असेल तर मात्र जातीला बोल लावण्याआधी खाद्य तपासावं. नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर गिरिराजही गावरानसारखीच वाढते. पहिल्या आठ आठवड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. सोयाबीनची पेंड आपल्या जिल्ह्यात मिळते, ती वापरावी. कच्चं सोयाबीन दळून घालू नये, ते पिल्लांना पचत नाही.

असील याच काळात वेगळा दिसू लागतो. मान लांब, उभं राहणं ताठ, पाय उंच, आणि तुरा करवतीसारखा न येता डोक्याला चिकटलेल्या बारीक गाठींसारखा. चोचीखालची लोंबती कातडी जवळजवळ नाहीच. शिवाय तो भांडतो. सहा आठवड्यांचं पिल्लू रक्त निघेपर्यंत भांडू लागलं, तर त्याच्या रक्तात असील आहे असं मी बेधडक सांगते.

उलट्या पिसांचं पिल्लूही आता कळतं. लवेत काही दिसत नाही, पंख फुटताना पिसाची टोकं वर वळू लागतात. अशी कोंबडी करणीसाठी मागायला येणारे लोक अजून आहेत, आणि दामदुप्पट देतात. मी देत नाही. ज्याला तिचा उपयोग माहीत आहे असं वाटतं, त्याचं घर मला माहीत नको.

६. कोंबडा की तलंग

हा प्रश्न जातीपेक्षा महत्त्वाचा, कारण खाद्याचा खर्च त्यावर ठरतो. गावरान मिसळीत एक दिवसाच्या पिल्लाचे पंख पाहून नर-मादी सांगता येत नाही. ती पद्धत ठरावीक वाणांपुरती आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ज्याचा तुरा लालसर होतो, पाय जाड दिसतात आणि शेपूट उशिरा येतं, तो बहुधा कोंबडा. खात्री तिसऱ्या महिन्यात. पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी पिसं टोकदार, लांबट, चकचकीत आली तर कोंबडा, गोलसर टोकाची राहिली तर तलंग. आरवण्याची वाट बघत बसलात, तर तोपर्यंत त्यानं महिनाभराचं खाद्य फुकट खाल्लेलं असतं.

७. लस गल्लीची, एका घराची नव्हे

मानमोडी आली की खुराडं रिकामं होतं. मग कडकनाथ असो की गावरान. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबानं, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांवर देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांवर मानमोडीचं इंजेक्शन. अडचण अशी की लासोटाची लहानातली लहान कुपीसुद्धा शंभर मात्रांची मिळते, आणि फोडल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा-पंधरा पिल्लांसाठी कुणी ती आणत नाही. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पिल्लं घ्यायची आणि एकाच सकाळी लस द्यायची. बर्फाचा थर्मास एकीनं आणायचा, पिल्लं बाकीच्यांनी धरायची. गटाचा एवढा चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा आमच्याकडेही कुणी अंडं विकत घेईना. त्यावर परसातल्या माणसाच्या हाती लस नाही. एकाएकी मर लागली तर मेलेला पक्षी नाल्यात न टाकता दवाखान्यात कळवायचं, एवढंच.

८. सुधारित कोंबडीचं अंडं उबवायला ठेवू नका

जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली, तेव्हापासून संकरित बियाणं या मातीला नवीन नाही. संकरित कपाशीची सरकी पुढच्या वर्षी पेरायची नसते, हे इथल्या शेतमजूर बाईलाही कळतं. तीच बाई गिरिराजचं अंडं गावरान कोंबडीखाली ठेवते आणि गिरिराजची वाट बघते. पुढच्या पिढीत ते मिश्रण फुटतं. काही पिल्लं वाढतात, काही खुरटतात, अंडी कमी होतात, आणि गावातल्या गावरान कोंबड्यांतही ते रक्त मिसळत जातं. सुधारित कोंबडी स्वतः खुडूकही क्वचितच बसते. तिच्यातून ते काढूनच टाकलेलं असतं, म्हणून तर ती जास्त अंडी देते.

म्हणून मी दोन्ही वेगळ्या ठेवते. अंड्यांसाठी सुधारित तलंगा दर दीड-दोन वर्षांनी नव्या आणायच्या. गावरान कोंबड्या दुसऱ्या खुराड्यात, त्यांच्याबरोबर फक्त गावरान कोंबडा, आणि तोही दर दोन वर्षांनी लांबच्या गावातून बदललेला. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे देशी कोंबड्यांच्या जातींची नोंद होते. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याची बुसरा नंदुरबार-धुळ्याकडची, गुजरातबरोबर वाटून घेतलेली. आपल्या अंगणातली नुसती गावरानच. नाव नाही म्हणून ती बिनकामाची ठरत नाही. उकिरड्यावर पोट भरणं, घार दिसताच पिल्लांना हाक देणं आणि एकवीस दिवस अंड्यांवर बसून राहणं तिला शिकवावं लागत नाही.

९. कडकनाथाचं वेड

झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि इकडे पिल्लांचे भाव चढले. पुढच्याच वर्षी इस्लामपूरचं प्रकरण झालं. पिल्लं द्यायची, अंडी-पक्षी परत घ्यायचं वचन द्यायचं, असं सांगून एका कंपनीनं शेतकऱ्यांचे पैसे अडकवले. पक्ष्याचा त्यात दोष नव्हता. कडकनाथ हळू वाढतो. पाच-सहा महिन्यांत किलो-सव्वा किलो झाला तर चांगला म्हणायचा. अंडी वर्षाला शंभराच्या आत-बाहेर, आणि ती काळी नसतात, फिकट बदामी असतात. काळी अंडी दाखवणाऱ्यापासून दूर राहा. चार-सहा पक्षी हौसेनं ठेवावेत, गिऱ्हाईक आधी हेरून.

१०. ऊन, फवारणी आणि घार

मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा भारी अंगाचे पक्षी दुपारी आधी मरतात. उघड्या मानेच्या कोंबड्या त्यातल्या त्यात तग धरतात, कारण अंगावर पिसंच कमी असतात. इज्जतनगरची हितकारी याच रक्तातून काढली आहे. दिसायला ओंगळ म्हणून लोक ही पिल्लं नाकारतात, मी मुद्दाम ठेवते.

मोसंबीची बाग असेल तर सावली आयती मिळते. पण फवारणी झाली की निदान आठवडाभर पक्षी आत सोडायचे नाहीत. बाग दुसऱ्याची असेल तर फवारणीचा दिवस विचारून ठेवावा. पुरुष माणसं ते आपणहून सांगत नाहीत.

घारीला पांढरं पिल्लू आधी दिसतं. परसासाठी रंगीत वाण तयार करण्यामागे हेही एक कारण आहे.

११. बाजारात रंगच विचारतात

आखाडात कोंबड्याला जो भाव येतो तो वर्षभर येत नाही, आणि श्रावण लागला की त्याच कोंबड्याकडे कुणी बघत नाही. गावरान कोंबडा तयार व्हायला पाच महिने लागतात. म्हणजे माघात, फार तर फाल्गुनाच्या सुरुवातीला निघालेली पिल्लं आखाडाला लागतात आणि चैत्रातली हुकतात. फाल्गुनातल्या पिल्लांना कोवळ्या वयातच उन्हाळा काढायचा असतो, म्हणून मी माघातली धरते.

मरीआईला, म्हसोबाला कोंबडा लागतो तेव्हा गिऱ्हाईक जात विचारत नाही. "एकरंगी काळा हाय का? लाल हाय का?" एवढंच विचारतं, आणि पिसं उचकून एखादं पांढरं पीस तर नाही ना ते बघतं. असा कोंबडा किलोवर विकायचा नसतो, नगावर विकायचा. म्हणून दहाव्या आठवड्यात जात ठरवताना एकरंगी कोंबडे मी वेगळे काढते, त्यांच्या पायाला दोरा बांधते, आणि घरच्यांना सांगून ठेवते की पाहुणे आले तरी याला हात लावायचा नाही.